शामोनीत आठ दिवस: आल्प्समधली पायी फिरायची उन्हाळी सुट्टी कशी आखावी

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या बहुतेक सहली आल्प्स लांबून दाखवून आणतात. सकाळी बस, दुपारी रोपवे, वर तासभर, फोटो, खाली, पुन्हा बस. ज्याने राजगडाच्या बालेकिल्ल्यावर बसून सूर्य उगवताना पाहिला आहे त्याचं एवढ्याने समाधान होत नाही. त्याला डोंगर पायाखालून जायला हवा असतो. अशा माणसाला मी एकच सल्ला देते: देश मोजू नका, एक गाव निवडा आणि आठ दिवस तिथेच राहा. माझ्या मते त्यासाठी शामोनीइतकं सोयीचं गाव आल्प्समध्ये नाही.

शामोनी फ्रान्सच्या पूर्व सीमेवर आहे. स्वित्झर्लंड आणि इटली दोन्ही हाकेच्या अंतरावर. गावाची उंची १,०३५ मीटर, आणि गावातल्या चौकातून मान वर केली की ४,८०० मीटरहून उंच माँ ब्लाँचा गोल पांढरा माथा दिसतो. १७६० मध्ये जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्युर याने या शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. ती वाट सापडायला २६ वर्षं लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी गावातला स्फटिक शोधणारा झाक बालमा आणि गावचाच डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार माथ्यावर पोचले. तेव्हा हे खोरं फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. फ्रान्सला ते १८६० मध्ये जोडलं गेलं. १८२१ मध्ये इथल्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली आणि ती आजही चालू आहे. १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिम्पिक इथेच झालं. डोंगरावर जाणाऱ्यांची काळजी घेण्याची या गावाला दोनशे वर्षांची सवय आहे, आणि वाटेवरच्या प्रत्येक पाटीत ती दिसते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हा लेख माँ ब्लाँ चढण्याबद्दल नाही. ते दोर, बर्फाचे काटे आणि अनुभवी वाटाड्या लागणारं गिर्यारोहण आहे. इथे बोलायचं आहे ते वाटेवरून चालण्याबद्दल, म्हणजे ज्याला हरिश्चंद्रगड झेपतो त्याला झेपेल अशा दिवसांबद्दल.

मे महिना विसरा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि आल्प्सचा उन्हाळा जूनच्या मध्यापासून. मे महिन्यात शामोनीला गेलात तर वरच्या वाटा बर्फाखाली असतात, बरेचसे रोपवे देखभालीसाठी बंद असतात आणि अनेक हॉटेलं दोन हंगामांच्या मधली विश्रांती घेत असतात. गाव सुंदर दिसेल, पण चालायला मिळतील त्या फक्त खालच्या जंगलातल्या वाटा.

वाटा खऱ्या अर्थाने मोकळ्या होतात त्या जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यातही फरक आहे. जूनच्या अखेरीस दिवस प्रचंड मोठा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. उतारांवर गुलाबी ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असतो, पण दोन हजार मीटरच्या वर बर्फाचे पट्टे आडवे येतात. जुलैत वाटा स्वच्छ होतात, गर्दी वाढते. ऑगस्टचा पहिला पंधरवडा सर्वांत गजबजलेला. १५ ऑगस्टची आपली सुट्टी जोडून जायचा मोह होईल, पण तो फ्रान्समध्येही सणाचा दिवस असतो आणि त्याच सुमारास शामोनीत वाटाड्यांचा उत्सव असतो. उत्सव पाहण्यासारखा आहे, मात्र खोली सहा महिने आधी घ्यावी लागेल. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माँ ब्लाँभोवतीची मोठी डोंगरधाव असते. तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते.

शाळेच्या वयाची मुलं नसतील तर मी डोळे मिटून सप्टेंबरचे पहिले दहा दिवस सांगेन. हवा स्थिर, दुपारची वादळं कमी, राहणं स्वस्त, आणि उतारांवरची रानब्लूबेरीची झुडपं लाल व्हायला लागलेली. मुलं असतील तर जूनचा तिसरा आठवडा धरा आणि शाळेचे पहिले काही दिवस बुडणार हे मान्य करा.

व्हिसा, विमा आणि पोचणं

मुक्काम फ्रान्समध्ये, म्हणून व्हिसा फ्रान्सचा काढायचा. विमान जिनिव्हाला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये उतरतं, याने गोंधळून जाऊ नका. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, आणि ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याचा व्हिसा मागायचा असा नियम आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. उन्हाळ्यासाठीच्या भेटीच्या वेळा लवकर संपतात, तेव्हा जुलैत जायचं तर मार्चमध्येच हालचाल करा. मोठ्या माणसाचं शुल्क ९० युरो आहे.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पण पॉलिसी घेताना एवढंच पाहून थांबू नका. पुष्कळ प्रवास विम्यांत डोंगरातलं चालणं किंवा ठरावीक उंचीच्या वरचे अपघात वगळलेले असतात. ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका हे शब्द पॉलिसीत आहेत का ते स्वतः वाचा. फ्रान्सच्या हद्दीत डोंगरातली सरकारी सुटका सहसा मोफत असते, मात्र दवाखान्याचा खर्च तुमचा. आणि शामोनीच्या काही वाटा स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागतात. तिथे सुटकेचंही बिल येतं.

मुंबईहून जिनिव्हाला साधारणतः एखाद्या आखाती शहरातून, इस्तंबूलहून किंवा झुरिकवरून जातात. विमानतळावरून शामोनी सुमारे ९० किलोमीटर. सामायिक मिनीबस सव्वा ते दीड तासात दारात सोडते, ती आधीच बुक करावी. रेल्वेने यायचं तर सें-जेर्वे-ल फायेतला गाडी बदलून अरुंद रुळांची माँ ब्लाँ एक्सप्रेस पकडायची. वेळ जास्त जातो, पण शेवटचा तासभर खिडकीतून नजर हलत नाही. गाडी भाड्याने घेऊ नका. खोऱ्यात तिची गरज नाही, आणि पार्किंग शोधण्यात सकाळ जाते.

कुठे उतरायचं

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट घ्या. दिवसभर चालून आल्यावर गरम वरणभाताला तोड नाही, आणि खर्चही निम्म्यावर येतो.

खोऱ्यात एकामागे एक गावं आहेत: खालच्या टोकाला ले झूश, मग शामोनी, ले प्राझ, आर्जाँतियेर, वर ल तूर आणि खिंडीपलीकडे वालोर्सीन. पहिल्यांदा जाणाऱ्याने शामोनी किंवा ले प्राझ निवडावं. शांतता हवी असेल, संध्याकाळी दुकानं नसली तरी चालत असेल, तर आर्जाँतियेर. कुठेही राहा, रेल्वे स्टेशन किंवा बसथांबा दहा मिनिटांच्या आत असू द्या.

चावी घेताना घरमालकाकडे पाहुण्यांचं कार्ड मागा, फ्रेंचमध्ये ‘कार्त दोत’. मुक्कामाबरोबर द्यावा लागणारा प्रवासी कर भरला की ते मिळतं, आणि त्यावर खोऱ्यातल्या बस आणि सेर्वो ते वालोर्सीन रेल्वेचा प्रवास होतो. त्या हंगामात नेमकं काय समाविष्ट आहे ते तिथेच विचारून घ्या. न मागितल्यास कधी कधी कोणी आपणहून देत नाही. रेल्वेच्या छोट्या स्टेशनांवर गाडी थांबवायला बटण दाबावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

बुकिंग करण्याआधी रोपवे कंपनीच्या संकेतस्थळावर त्या उन्हाळ्याच्या चालू-बंद तारखा बघा. जुने रोपवे बदलण्याची कामं या खोऱ्यात सुरू असतात. तुम्हाला हवा तोच रोपवे बंद निघाला तर अख्खा बेत बदलावा लागतो.

तयारी: उतरायचा सराव करा

आठ आठवडे आधी सुरुवात करा. पुण्यात असाल तर आतकरवाडीकडून सिंहगड उत्तम. सुमारे ६०० मीटरची चढण आहे आणि शामोनीतल्या चांगल्या दिवसाचं मापही तेवढंच असतं. आठवड्यातून एकदा चढा. मात्र वरून जीपने खाली येऊ नका. आल्प्समध्ये माणसाला थकवते ती उतरण. रोपवेमुळे चढ कमी करता येतो, पण सलग ७०० मीटर उतरल्यावर गुडघे बोलायला लागतात. मुंबईकरांनी इमारतीचे जिने पाठीवर पाच किलो घेऊन चढावेत आणि तितकेच उतरावेत. महिन्यातून एक मोठा गड करावा.

चालण्याच्या दोन काठ्या न्याच. आपल्याकडे काठी म्हणजे म्हातारपण असा समज आहे, तो घरी ठेवून जा. बूट नवे घेतले असतील तर निदान चार ट्रेक झालेले हवेत. सह्याद्रीत चालणारे चांगल्या पकडीचे बूट तिथेही चालतात, जूनमध्ये मात्र घोट्यापर्यंतचे आणि पाणी न शिरणारे घ्या.

कपड्यांचे तीन थर: घाम शोषून लवकर वाळणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर पाऊस आणि वारा अडवणारं जाकीट. सुती टी-शर्ट आणि जीन्स नको. भिजली की वाळत नाहीत, आणि दोन हजार मीटरवरच्या वाऱ्यात अंग गारठतं. टोपी, हातमोजे, चांगला काळा चष्मा आणि भरपूर सनस्क्रीन. थंड हवेत ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं.

डबा आणि पोटपूजा

नेण्याच्या यादीत एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे-बर्फी नाही, खव्याचं काही नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही नाहीत. मेतकूट, शेंगदाण्याची आणि जवसाची कोरडी चटणी, चिवडा, भाकरवडी, गूळपोळी तेलावरची असेल तर ती, गोडा मसाला, हिंग-हळद, हे सगळं चालतं. तांदूळ, मसूर डाळ, भाजी, दही, लोणी तिथल्या सुपरमार्केटात मिळतं. लोणी आणून घरीच तूप कढवा, आल्प्समधल्या गाईंचं ते तूप फार चवदार होतं.

बाहेर खाणाऱ्या शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करावा: लार्दाँ, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. तार्तीफ्लेत हा बटाटा आणि रब्लोशाँ चीजचा इथला प्रसिद्ध पदार्थ शाकाहारी दिसतो, पण त्यात लार्दाँ असतातच. फाँद्यू, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा प्रकार, चालतो, फक्त त्यात पांढरी वाइन असते. राक्लेत मागवताना मांसाचे काप नकोत असं सांगा. ‘सां व्हियाँद, सां प्वासाँ’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. काटेकोर शाकाहारी आणि जैन वाचकांसाठी आणखी एक: रब्लोशाँसारखी पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतात. ते चालत नसेल तर घरचा स्वयंपाक आणि बेकरीचा पाव हाच मार्ग.

दुपारचं जेवण बारा ते दोन. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. वाटेवर मी पोळीची गुंडाळी, चटणी, चीजचा तुकडा आणि सुकामेवा नेते. नळाचं पाणी निर्धास्त प्या, पण डोंगरातल्या ओढ्याचं नको, वर गुरं चरत असतात. माणशी दोन लिटर पाणी न्या. दुकानात शिरताना आणि वाटेवर कोणी समोरून आलं की ‘बाँजूर’ म्हणायचं. नाही म्हटलं तर ते उद्धटपणाचं समजतात.

खोऱ्याची रचना समजून घ्या

नकाशा घेऊन पाच मिनिटं बसलात तर पुढचे आठ दिवस सोपे होतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा १:२५,००० चा शामोनी नकाशा, क्रमांक ३६३० ओटी, गावातच मिळतो.

मधून आर्व नदी वाहते. एका बाजूला माँ ब्लाँचा मुख्य समूह: हिमनद्या, काळे सुळके, सावली. समोरच्या बाजूला एग्विय रूज म्हणजे लाल सुळक्यांची रांग: ऊन, गवत, तळी. माँ ब्लाँ बघायचा तर माँ ब्लाँवर जायचं नाही, समोरच्या रांगेवर जायचं. तोरणा पाहायला राजगडावर जावं तसंच.

नावांत मात्र फसगत होते. दोन्ही बाजूंना डोंगराच्या कडेने आडव्या जाणाऱ्या वाटांना ‘बाल्काँ’ म्हणतात. ‘ग्राँ बाल्काँ सूद’, म्हणजे दक्षिणेची मोठी गॅलरी, ही एग्विय रूजवर आहे, कारण तिचं तोंड दक्षिणेकडे आहे. ‘ग्राँ बाल्काँ नॉर’ माँ ब्लाँच्या बाजूला आहे, कारण ती उत्तरेकडे बघते. उंचावर ‘ग्राँ’, खाली जंगलात ‘पती’. एवढं कळलं की पाट्या वाचता येतात. पाट्यांवर वेळ लिहिलेली असते, किलोमीटर नव्हे. त्यात विश्रांती आणि फोटो धरलेले नसतात, म्हणून आपल्या हिशेबात दीडपट धरा.

दिवस तारखेने ठरवू नका

हा या लेखाचा गाभा. सोमवारी हे, मंगळवारी ते, असा तक्ता करून गेलात तर निम्मे दिवस ढगात जातील. मी तक्ता करत नाही, चिठ्ठ्या करते. सहा बेत, प्रत्येकाला किती चांगली हवा लागते ते लिहिलेलं. रोज संध्याकाळी फ्रान्सच्या हवामान खात्याचा अंदाज वाचून उद्याची चिठ्ठी काढायची. चर्चशेजारच्या इमारतीत डोंगराची माहिती देणारं कार्यालय आहे. कुठल्या वाटेवर अजून बर्फ आहे, कुठे दरड आली आहे, हे तिथले जाणकार न कंटाळता सांगतात. पहिल्याच दिवशी तिथे जाऊन या.

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र आणि दुपारी तीननंतर गडगडाट, हे नेहमीचं. म्हणून पहिल्या रोपवेला रांगेत उभं राहा आणि दोनपर्यंत परतीला लागा. शेवटच्या रोपवेची वेळ वर जातानाच बघून ठेवा. समोरच्या रांगेवरच्या फ्लेजेर स्टेशनाहून तो चुकला तर आठशे मीटर उतरून यावं लागतं, आणि ते थकल्या पायांनी.

*ढगाळ दिवसासाठी: पती बाल्काँ सूद.* पोचल्यानंतरचा पहिला दिवसही हाच ठेवा. रेल्वेने आर्जाँतियेरला जायचं आणि पाइन, लार्चच्या जंगलातून शामोनीकडे चालत यायचं. तीन-साडेतीन तास, फारसा चढ नाही, मध्ये कुठेही खाली गावात उतरता येतं. विमानात आखडलेले पाय मोकळे होतात आणि बुटांनी कुठे काचतंय ते कळतं.

*बऱ्या हवेसाठी: ग्राँ बाल्काँ सूद.* गावातून रोपवेने सुमारे २,००० मीटरवरच्या प्लाँप्राझला, तिथून आडव्या वाटेने १,८७७ मीटरवरच्या फ्लेजेरला, मग रोपवेने खाली. सव्वादोन-अडीच तास. समोर सगळा पट उघडा: डावीकडे वेर्त आणि द्रूचे सुळके, मध्ये हिमनदीचं खोरं, उजवीकडे माँ ब्लाँ. फ्लेजेरचं स्टेशन आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा दोनशेहून अधिक मीटर उंच आहे, आणि समोरचा माथा तिथून आणखी तीन हजार मीटर वर. हे मापन डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

*स्वच्छ सकाळसाठी: लाक ब्लाँ.* एकच चाल करायची असेल तर ही. फ्लेजेरपासून २,३५२ मीटरवरच्या तळ्यापर्यंत पावणेदोन-दोन तासांचा चढ, दगडी आणि उघडा. फ्लेजेरहून पुढे लँदेक्सपर्यंत खुर्चीचा रोपवे घेतला तर चढ जवळजवळ संपतो, पण मी तो घेत नाही. चालत गेलं तर वाटेत सावकाश उंच होत जाणारा माँ ब्लाँ दिसतो. जूनअखेरीस तळं अजून गोठलेलं असू शकतं. तळ्यात प्रतिबिंब हवं असेल तर जुलैच्या मध्यानंतर आणि वारा सुटायच्या आत पोचा. परतताना शेझरीच्या तळ्यांवरून वळसा घाला, तिथे गर्दी अर्ध्यावर येते. तिथून आर्जाँतियेरच्या वरच्या ट्रे-ल-शाँ वस्तीकडे थेट उतरणाऱ्या वाटेवर कड्याला ठोकलेल्या लोखंडी शिड्या आहेत. कळसूबाईच्या शिड्या सहज चढणाऱ्याला त्या जमतील, मात्र ओल्या दगडावर किंवा लहान मुलांबरोबर नको. चढताना त्या सोप्या जातात, म्हणून शिड्यांची हौस असेल तर उलट दिशेने या.

हा सगळा भाग १९७४ पासून राखीव निसर्गक्षेत्र आहे. कुत्रा नेता येत नाही, फुलं तोडता येत नाहीत. शिट्टी ऐकू आली तर थांबा. ती मार्मोटची असते, खारीच्या कुळातला पण मांजराएवढा गुबगुबीत प्राणी. सकाळी लवकर गेलात तर वाकड्या लांब शिंगांचे बुक्ताँ, म्हणजे रानबोकड, तळ्याकाठीच उभे दिसतात. त्यांना काही खायला घालू नका.

*निरभ्र आणि वारा नसलेल्या दिवसासाठी: एग्विय द्यु मिदी आणि ग्राँ बाल्काँ नॉर.* १९५५ मध्ये पूर्ण झालेला हा रोपवे दोन टप्प्यांत, वीस मिनिटांत, गावातून ३,८४२ मीटरच्या सुळक्याजवळ नेतो. माणशी जाण्यायेण्याचं तिकीट सत्तर युरोंच्या वर आहे. म्हणून ढगात पैसे घालवू नका. वेळ आरक्षित करावी लागते, पास असला तरीही. त्यामुळे अंदाज पक्का दिसताच आदल्या संध्याकाळी सकाळची पहिली वेळ धरा. हा बेत पहिल्या दोन दिवसांत नको. वीस मिनिटांत जवळपास २,८०० मीटर वर गेल्यावर डोकं जड होतं, जिना चढताना धाप लागते. सावकाश चाला, पाणी प्या, दीड तासाच्या आत उतरा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तीन वर्षांखालच्या मुलांना वर नेत नाहीत. भर जुलैतही वर शून्याच्या आसपास तापमान असतं.

परतताना थेट गावात येऊ नका. २,३१७ मीटरवरच्या मधल्या स्टेशनावर उतरून ग्राँ बाल्काँ नॉरने मोंताँव्हेरकडे चाला. अडीच-तीन तास. शेवटी सिन्याल फोर्बच्या दगडी खांद्यावर चढणारी वाट घ्या, खालची नको. तिथून हिमनदी एकदम समोर येते.

ही मेर द ग्लास, बर्फाचा समुद्र. मोंताँव्हेरची दातेरी रुळांची रेल्वे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली तेव्हा प्रवासी स्टेशनाजवळूनच बर्फावर उतरत. आता तुम्ही १,९१३ मीटरवरच्या कठड्याशी उभं राहून खाली बघता, तर राखाडी दगडमातीचं एक खोल पात्र दिसतं. बर्फ फार आत, फार खाली. १९८८ मध्ये उतरण्यासाठी पाळणे बसवले. बर्फ खचत गेला तसतशा त्यापुढे पायऱ्या जोडाव्या लागल्या, त्या पाचशेवर गेल्या. वाटेत खडकावर पाट्या आहेत: अमुक साली हिमनदी इथवर होती. आपल्या मुलांच्या जन्मसालाची उंची पाहून मग वर पाहिलं की पोटात कालवतं. २०२४ मध्ये खोऱ्यात आणखी आत जाणारा नवा रोपवे सुरू झाला. मुलांना इथे आणाच, आणि घाई करू नका. परत येताना रेल्वे घ्या.

*दूरवर ढग असतील तरी चालेल: कोल द बाल्म आणि पोझेत.* रोपवेने ल तूरहून वर, मग सुमारे २,२०० मीटरवरच्या खिंडीत. एक पाय फ्रान्समध्ये, एक स्वित्झर्लंडमध्ये, मध्ये सीमेचा दगड. तिथून २,२०१ मीटरच्या एग्वियेत दे पोझेतच्या धारेवरून ट्रे-ल-शाँला उतरा. चारेक तास. ही धार मला रतनगडच्या परिसराची आठवण करून देते, दोन्हीकडे मोकळं, मध्ये अरुंद वाट. उतरण लाकडी पायऱ्यांची आणि लांब आहे, इथे काठ्या लागतात. ऑगस्टमध्ये कडेने रानब्लूबेरी पिकते. गडगडाटाची शक्यता असेल तर धारेवर जाऊ नका.

सहावी चिठ्ठी कोरी ठेवा. त्या दिवशी पाऊस असेल, किंवा पाय दुखत असतील. मुलांना ले झूशच्या वरच्या मेर्लेच्या प्राणिउद्यानात न्या. धीट असाल तर प्लाँप्राझहून शिक्षकासोबत पॅराग्लायडिंग करा, ज्येष्ठांबरोबर नदीकाठी गायाँच्या तळ्यापर्यंत फिरून या. तिथल्या कड्यावर सात-आठ वर्षांची मुलं दोराने चढताना दिसतात.

पास घ्यावा का

वरच्या बेतांत चार दिवस रोपवे लागतो, त्यांतला एक एग्विय द्यु मिदीचा. एवढं करणार असाल तर अनेक दिवसांचा माँ ब्लाँ मल्टिपास बहुतेक वेळा परवडतो. नुसती दोन-तीन साधी रोपवे घेणार असाल तर सुटी तिकिटं. कागदावर बेरीज करा, आणि सलग दिवसांचा पास न घेता सोडून सोडून वापरता येणारा घ्या. थोडा महाग पडतो, पण पावसाच्या दिवशी पैसे वाया जात नाहीत.

एक रात्र वर

जमलं तर लाक ब्लाँच्या काठच्या आश्रयघरात एक रात्र राहा. हंगामाच्या काही महिने आधीच जागा भरते. सामायिक खोलीत गादी, ठरलेल्या वेळी सगळ्यांचं एकत्र जेवण. शाकाहारी असल्याचं बुकिंग करतानाच कळवा. पांघरुणं तिथे असतात, चादरीची पिशवी आपली न्यायची. रोख पैसे आणि विजेरी जवळ हवी.

अडचण आली तर

आणीबाणीचा क्रमांक ११२. निघण्यापूर्वी कुठल्या वाटेने जाणार ते घरात कोणाला तरी सांगा. हेलिकॉप्टर दिसल्यावर उत्साहाने एक हात हलवू नका. दोन्ही हात वर, इंग्रजी वायसारखे, म्हणजे ‘हो, मदत हवी’. एक हात वर आणि एक खाली म्हणजे ‘नको’. मुलांनाही हे शिकवून ठेवा. वीज कडाडू लागली तर धार, शिड्या, एकटं झाड सोडून खाली या, काठ्या बाजूला ठेवा. जूनमध्ये वाटेवर बर्फाचा उतरता पट्टा आला आणि पायाखाली तो कडक लागला तर मागे फिरा. घसरलेला माणूस अशा बर्फावर आपणहून थांबत नाही.

शेवटच्या रात्री बूट धुऊन वर्तमानपत्र कोंबून वाळत घाला. परतीची मिनीबस विमानाच्या किमान चार तास आधीची घ्या, शनिवारी त्या रस्त्यावर गाड्या तुंबतात. आणि सकाळी सामान बांधून झाल्यावर पंधरा मिनिटं उरली तर बालमा आणि सोस्युर यांच्या पुतळ्यापाशी जा. बालमा हात उंचावून शिखर दाखवतो आहे. त्याच्या बोटाच्या रेषेत बघा. आठ दिवसांत समोरच्या रांगेवरून ज्या उतारांकडे पाहत चाललात, ते आता नावानिशी ओळखता येतील.